एकोणीसावा एक

प्रा. श्रीपाद मोहरीर यांनी मंडळाची शाल नाकारली. श्रीफळही नाकारलं. मानपत्र त्यांनी तपासायला म्हणून घरी नेलं आणि लाल पेनानं खुणा करून परत पाठवलं. शेवटी मंडळाचे सचिव देवीदास, जे स्वभावानं गरीब आहेत आणि म्हणूनच सचिव आहेत, मोहरीरांच्या घरी गेले आणि म्हणाले, "सर, मग निरोपाला तुम्हाला द्यायचं तरी काय?"

"संख्या," श्रीपादराव म्हणाले.

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या मराठी मंडळाकडे आजवर लोकांनी लग्नासाठी हॉल मागितला होता, तेराव्यासाठी मोठी पातेली मागितली होती, एकानं तर मुलीसाठी नागपूरकडचं स्थळ मागितलं होतं. संख्या कोणी मागितली नव्हती. देवीदासांनी ती लिहून घ्यायला खिशातून पेन काढलं.

श्रीपादरावांनी सरकारी कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं. मोहरीर घराणं भोसल्यांच्या अमदानीत रायपुरात आलं, असं ते सांगत, आणि ते न विचारता सांगत. आता घर विकून झालं होतं. पत्नी गोदावरीबाईंना घेऊन ते मुलाकडे, शिशिरकडे, पुण्याला कायमचे चालले होते. एवढ्या पिढ्यांनंतर या गावात मोहरीर म्हणून काहीच उरणार नव्हतं, तेव्हा हॉलच्या भिंतीवर एक संख्या राहावी, तिच्याखाली एक वाक्य आणि वाक्याखाली आपलं नाव, एवढीच त्यांची मागणी होती.

संख्या लक्षात ठेवायला सोपी होती. एकापुढे एक, एकापुढे एक, असे एकोणीस एक. वाक्य होतं, "ही मूळ संख्या आहे."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुणानंही पूर्ण भाग जात नाही ती. अकरा मूळ आहे. अकरावर आणखी एक ठेवला की एकशे अकरा होतात, ते तिनानं फुटतात. आणखी एक ठेवा, एक हजार एकशे अकरा, ते अकरानं फुटतात. पुढचे एक्केचाळीसनं. असे एकावर एक ठेवत जा, प्रत्येक वेळी काही ना काही भाग जातोच, मोठमोठे आकडे भिंतीतल्या ओल्या विटांसारखे ढासळतात. आणि मग एकोणीस एक झाले की संख्या उभी राहते. कशानंच फुटत नाही. श्रीपादराव दर वर्षी फर्स्ट ईयरच्या पहिल्या तासाला पोरांना हे सांगत आणि त्या वेळी, साक्षीदार सांगतात, त्यांचा आवाज थोडा बदलत असे. ती मूळ आहे हे शंभरेक वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी सिद्ध केलेलं आहे. त्यात श्रीपादरावांचा काही हात नव्हता. पण गावात तिची बाजू घेणारं दुसरं कोणी नसल्यामुळे ती त्यांचीच झाली होती.

मंडळाचे अध्यक्ष बाबाराव ठवकर. रेल्वेतून रिटायर. मूळचे वर्ध्याकडचे. श्रीपादरावांचं आणि त्यांचं पटत नाही हे म्हणजे उरला या रायपूरच्या औद्योगिक वसाहतीत धूळ आहे असं म्हणण्यासारखं आहे. एकदा वार्षिक सभेत श्रीपादराव म्हणाले होते, की आम्ही इथं भोसल्यांबरोबर आलो. बाबाराव बसल्या जागेवरून म्हणाले होते, "तुमी भोसल्यासंग आले, आमी रेल्वेसंग आलो. रेल्वे अजून चालू आहे."

बाबारावांना नऊ या आकड्याची ओढ आहे. त्यांच्या स्कूटरच्या नंबराची बेरीज नऊ येते. मोबाईलची नऊ येते. पित्ताशयाचं ऑपरेशन त्यांनी चार दिवस पुढं ढकलून घेतलं, कारण त्या तारखेची बेरीज नऊ येत होती, आणि ते चार दिवस त्यांनी घरात सगळ्यांना ऐकू येईल असं कण्हून काढले. अशी माणसं रायपुरात घरोघर आहेत, बाबाराव फक्त अध्यक्ष आहेत.

भिंतीवरचे लोखंडी एक घडवायचं काम त्यांनी आपल्या मुलाला दिलं. नीलेशचं उरल्यात लोखंडाचं युनिट आहे. आकडे मराठीच पाहिजेत असा श्रीपादरावांचा आग्रह, त्यामुळे सळई वाकवून वीतभर उंचीचे, डोकं गोल आणि खाली शेपूट असलेले एक तयार करावे लागले. प्रत्येकाला वर-खाली एकेक बोल्ट. वाक्याची पितळी पट्टी वेगळी, नावाची त्याखाली वेगळी.

निरोप समारंभाच्या आठ दिवस आधी, रविवारी सकाळी, बाबारावांनी भिंतीवरचा पडदा ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीपादरावांनी टाळ्या संपायची वाट पाहिली नाही, ते मोजत होते. डावीकडून मोजलं. मग उजवीकडून मोजलं, कारण माणसाची चूक होऊ शकते.

"अठरा आहेत," ते म्हणाले.

"हव," बाबाराव म्हणाले. "मीच एक कमी करायले लावला."

"काय?"

"एकोणीसचा टोटल एक येते, सर. एक म्हंजे एकटा. भिंतीवर लिवून ठेवाले बरं नाही दिसत. अठराचा नऊ येते. आता पाहा कशी शुभ झाली."

पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. गणितातलं कळलं म्हणून नव्हे, श्रीपादरावांचा चेहरा दिसला म्हणून.

"बाबाराव," ते म्हणाले, "ज्या संख्येच्या आकड्यांची बेरीज नऊ येते, तिला नवानं भाग जातो. दरवेळी जातो. हे सातवीच्या मुलाला येतं."

"मंग जाऊ द्या नं. नवानं जाते, कोण्या वाईटानं तं नाही जात."

"नवानं जाते, म्हणून ती मूळ नाही. तुम्ही ज्या क्षणी तिला शुभ केलंत त्या क्षणी ती मूळ राहिली नाही. आणि खाली लिहिलंय ती मूळ आहे. आणि त्याच्या खाली माझं नाव आहे."

"नाव तं मोठ्या अक्षरात आहे," बाबाराव म्हणाले. "पितळेचं."

नीलेश मागे खुर्चीवर बसला होता. तो श्रीपादरावांचा जुना विद्यार्थी. फर्स्ट ईयरला गणितात एका मार्कानं राहिला होता. त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं पण रीत लिहिलेली नव्हती, आणि श्रीपादरावांनी तो एक मार्क दिला नव्हता. बाबाराव तेव्हा स्वतः त्यांच्या घरी गेले होते. श्रीपादरावांनी चहा दिला, मार्क दिला नाही.

नीलेश बसूनच म्हणाला, "सर, एक से क्या फरक पड़ता है. तेव्हा मीही हेच म्हटलं होतं. तुम्ही म्हणाले, एक मतलब एक."

"तेव्हा तुला एक कमी होता आणि मी तुला नापास लिहिलं," श्रीपादराव म्हणाले. "तूही इथं नापास लिही. माझी हरकत नाही."

"उन्नीसवा तो बना था, सर," नीलेश म्हणाला. "पप्पांनी नको म्हटलं. आता तो युनिटच्या फाटकाला लावलाय. कडीत बरोबर बसतो."

हे ऐकून श्रीपादरावांनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांच्या संख्येचा शेवटचा एक उरल्यात ट्रकांना आत-बाहेर सोडत होता.

बुधवारी त्यांनी कार्यकारिणीची बैठक बोलवायला लावली. विषय एकच, एकोणीसावा एक. बैठकीला बाबाराव, देवीदास, खजिनदार कुसुमताई, शंकर नगरातले दोन सदस्य आणि ज्यांना घरी टीव्ही पाहू देत नाहीत असे आणखी तीन-चार होते.

श्रीपादरावांनी फळा मागितला. फळा विकून टाकला होता. मग त्यांनी तोंडीच सांगितलं, की भिंतीवरच्या संख्येला तिनानं भाग जातो, सातानं जातो, नवानं, अकरानं, तेरानं, सदतीसनं जातो. "आणि एकोणीसनंही जातो," ते म्हणाले. "तुम्ही जो एकोणीसावा काढलात, त्याच आकड्यानं."

"म्हंजे लई मिळूनमिसळून राहणारी आहे," बाबाराव म्हणाले. "तुमची कोणातच मिसळत नव्हती."

कुसुमताई हसल्या, मग सरांकडे बघून पदर नीट करू लागल्या.

बाबाराव त्या दिवशी तयारी करून आले होते. "मी अभ्यास केला," ते म्हणाले. "आमच्या मास्तरानं शाळेत घोकून घेतलं होतं, अजून पाठ आहे. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध." हे त्यांनी बोटावर मोजत, एका दमात म्हटलं आणि पाणी प्यायले. "किती झाले? अठरा. आपल्या पूर्वजांनी अठराच घरं ठेवली. अठरा एक, अठरा घरं, सगळे आपापल्या घरी. तुमचा एकोणीसावा कुठं बसवता? परार्धाच्या पुढं नावच नाही. बिनतिकीट आहे तो."

याला सदस्यांनी टाळ्या दिल्या, आणि द्यायलाच हव्या होत्या. रायपुरात इतका चांगला चुकीचा युक्तिवाद बऱ्याच दिवसांत कुणी केला नव्हता. श्रीपादरावांनाही तो क्षणभर आवडला असावा, कारण त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला.

"नाव नाही म्हणून जागा नाही असं होत नाही," ते म्हणाले.

"रेल्वेत होते," बाबाराव म्हणाले.

"बाबाराव, तो एक फाटकातून काढून आणा आणि भिंतीवर लावा. दुसरं मी काही मागत नाही."

"अन् टोटल?"

"टोटल गेला खड्ड्यात."

हे शब्द बैठकीच्या वृत्तांतात आलेले नाहीत. देवीदासांनी तिथं 'चर्चा झाली' असं लिहिलं.

मग बाबारावांनी नेमस्त आवाजात तोडगा काढला. "सरांले आपल्या नावाचीच काळजी आहे नं? मंग त्यांचं नाव काढून टाकू. दोन स्क्रू आहेत. वाक्य राहू द्या, संख्या राहू द्या. सरांवर काही येत नाही."

"आणि खोटं तसंच राहू दे?"

"खोटं कोणाचं राह्यलं मंग? कोणाचंच नाही."

"कोणाचंच नाही असं खोटं भिंतीवर राहणं जास्त वाईट," श्रीपादराव म्हणाले. "माझं नाव आहे तोवर निदान मला शिव्या तरी देता येतील. नाव राहील. संख्या बदला."

तेव्हा शंकर नगरातल्या एका सदस्यानं, ज्याला जेवायला उशीर होत होता, सुचवलं की मतदान घ्या. मतदान झालं. श्रीपादरावांच्या बाजूनं एक हात वर आला, तो त्यांचाच होता. देवीदासांचा हात अर्धा उठला आणि त्यानं कान खाजवला. ठराव मंजूर झाला तो असा: 'मंडळाच्या हॉलमधील भिंतीवर बसविण्यात आलेली संख्या ही मूळ संख्या आहे, असे ही सभा बहुमताने ठरवीत आहे.'

युक्लिडपासून आजतागायत कुणाला एवढ्या लवकर सिद्धता देता आली नसेल.

घरी गोदावरीबाई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. श्रीपादरावांनी सगळं सांगितलं. गोदावरीबाईंनी आधी हातातली वाटी गुंडाळली.

"लोकांनी जाताना चांगलं बोलावं म्हणून माणसं निरोप समारंभ ठेवतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही भांडायला ठेवला."

"माझ्या सहीखाली खोटं आहे, गोदावरी."

"तुमची सही खाली आहे. खोटं वर आहे."

"तेच."

"त्या पोट्ट्याला तेव्हा एक मार्क दिला असता तर आज एकोणीस असते."

या वाक्यात गणिताची चूक नव्हती. श्रीपादरावांनी विचारलं, "माझा पाना कुठल्या खोक्यात गेला?"

"कशाला?"

"स्कूटर द्यायची आहे ना त्या माणसाला. आरसे ढिले आहेत."

पाना गोदावरीबाईंनी खोक्यातून काढून दिला. स्कूटर सोमवारीच गेली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी समारंभाला हॉल भरला. उपमा होता, जिलेबी होती, आणि मागे एका पाटीवर सरांचं नाव बरोबर लिहिलेलं होतं. बाबाराव अध्यक्षीय भाषणात म्हणाले, की सर कडक होते, पण माणूस म्हणून कसे होते हे त्यांच्या घरच्यांनाच माहीत. लोक हसले. मग श्रीपादरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मी दोन शब्द बोलत नाही," ते माईकवर म्हणाले. "मी या गावात जे खरं म्हणून शिकवलं, ते इथून जाताना खोटं ठेवून जाणार नाही. तुम्ही एकोणीस करत नाही. मग खरं होईल एवढे मी ठेवतो."

त्यांनी पिशवीतून पाना काढला, भिंतीजवळ गेले आणि डावीकडच्या पहिल्या एकाचा बोल्ट फिरवायला लागले.

आमच्या लोकांचा एक नियम आहे. सत्कारमूर्तीला अडवायचं नाही. त्यामुळे कोणी उठलं नाही. बोल्ट नवे होते, निघत होते, पण श्रीपादरावांचे हात नवे नव्हते. पहिला एक निघाला, तो त्यांनी खुर्चीवर ठेवला. दुसरा निघाला. हॉलमध्ये फक्त पान्याचा आवाज आणि स्वयंपाकघरातून झाऱ्याचा.

"हे काय करून राह्यले ते?" बाबाराव देवीदासांना म्हणाले. माईक चालू होता, त्यामुळे हॉलला म्हणाले.

"एक काढून राहिले," देवीदास म्हणाले.

"ते दिसते मले. थांबव."

"सत्कारमूर्ती आहेत ते."

पाचव्या एकाला श्रीपादरावांना खोकला आला. कुसुमताईंनी पाणी नेऊन दिलं. ते प्यायले, थँक्यू म्हणाले आणि सहावा धरला. उपमा थंड होत होता, तेव्हा लोकांनी ताटल्या घेतल्या आणि बघत बघत खायला सुरुवात केली. डावीकडचे आठ निघाले. मग ते उजव्या टोकाला गेले. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. गोदावरीबाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्या कुणाच्या बाजूच्या आहेत हे कळत नव्हतं, जसं ते गेली पन्नास वर्षं कळलेलं नाही.

शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा भिंतीवर मधले दोन एक उरले. त्यांच्या बरोबर खाली पितळी पट्टी.

११.

ही मूळ संख्या आहे.

प्रा. श्रीपाद मोहरीर.

श्रीपादरावांनी पाना खाली केला. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि त्यांना काय अपेक्षित होतं ते त्यांच्या उभं राहण्यावरून समजत होतं. आरडाओरडा. निषेधाचा ठराव. निदान बाबारावांचा पडलेला चेहरा.

बाबाराव भिंतीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मग ते माईकजवळ आले.

"अकरा," ते म्हणाले. "आपल्याकडे आहेरात अकरा देतात. हे काहून सुचलं नाही आपल्याले? सरांनी जाता जाता मंडळाले शगुन दिला."

आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. चमचे ताटलीत ठेवून वाजवल्या. मागे कुणी तरी म्हणालं, "क्या बात है, सर." कुसुमताईंनी डोळ्याला पदर लावला. सरांच्या निरोप समारंभातली ही पहिली टाळी होती जी खरी होती, आणि ती कशासाठी होती हे हॉलमध्ये फक्त एका माणसाला खटकत होतं.

"अकरा मूळ आहे," श्रीपादराव म्हणाले. माईक लांब होता. "शुभ आहे म्हणून नाही. मूळ आहे म्हणून ठेवली."

"तेच म्हणतो मी," बाबाराव माईकवरून म्हणाले.

नीलेश एका बादलीत काढलेले एक गोळा करत होता. उरल्यात लोखंड वाया जाऊ देत नाहीत. तो वाकला, शेवटचा उचलला आणि सरांकडे न बघता म्हणाला, "आन्सर तो सही आ गया ना, सर. मेथड कौन देखता है."

तो चेष्टा करत होता की नव्हता, हे श्रीपादरावांना ठरवता आलं नाही. बहुधा नीलेशलाही आलं नसावं.

"मी बघतो," ते म्हणाले.

ते परत भिंतीकडे वळले. खिशातून त्यांनी नाणं काढलं, कारण स्क्रूंना पाना चालत नव्हता. नाण्याच्या कडेनं त्यांनी खालच्या पट्टीचा डावा स्क्रू फिरवला, मग उजवा. पट्टी हातात आली. ती त्यांनी पँटच्या खिशात घातली. ती मावत नव्हती, वर 'मोहरीर' दिसत राहिलं.

"सरांनी नाव काहून काढलं?" बाबारावांनी देवीदासांना विचारलं. या वेळी माईक बंद होता.

"त्यांना ही रीत मान्य नाही बहुतेक," देवीदास म्हणाले.

"कोणती रीत?"

देवीदासांनी जिलेबी पुढं केली.

गाडीत बसताना गोदावरीबाईंनी खिशातली पट्टी पाहिली. "आता तर वाक्य खरं झालं होतं," त्या म्हणाल्या. "आता नाव ठेवायला काय झालं होतं?"

"खरं आहे," श्रीपादराव म्हणाले. "पण आता ते त्यांचं खरं आहे."

गोदावरीबाईंनी खिडकीची काच वर केली. "पुण्याला ही पट्टी कुठं लावणार?"

"दारावर."

"शिशिरच्या दारावर शिशिरचं नाव आहे."

संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली.

मधले दोन एक भिंतीवर आहेत, खाली वाक्य आहे, त्याच्या खाली स्क्रूची दोन भोकं आहेत. काढलेले सोळा एक नीलेशनं युनिटला नेले नाहीत. बाबारावांच्या सांगण्यावरून ते हॉलच्या मागच्या भिंतीला रांगेनं ठोकले. शेपूट वर, डोकं खाली, म्हणजे छत्र्या अडकवता येतात.

बाहेरगावचा पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, की ही मूळ संख्या आहे हे इथं कशाला लिहिलंय, कोणी लिहिलंय, तर बाबाराव सांगतात, मंडळानं लिहिलंय, तसा ठराव आहे. देवीदास ठराव काढून दाखवतात. त्यात एक अक्षर बदलावं लागलेलं नाही.